दुसरी गिटार

डॅनी व्हिटन १८ नोव्हेंबर १९७२ रोजी लॉस एंजलिसमध्ये गेला. वय वर्षं २९. त्याच्या एकट्याच्या नावाचा अल्बम तोवर निघाला नव्हता, पुढे निघण्याचा प्रश्नच उरला नाही. त्याचं एक गाणं मात्र त्याच्यानंतर जगभर फिरलं. ‘आय डोन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट इट’ हे ते गाणं. १९७५ साली रॉड स्टुअर्टनं ते गायलं आणि १९७७मध्ये ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. ते ऐकून डोळे पुसणाऱ्या लाखो लोकांपैकी फार थोड्यांना ते लिहिणाऱ्याचं नाव माहीत असेल.

व्हिटन गेल्यानंतर ५१ वर्षांनी, २८ जून २०२४ रोजी ‘अर्ली डेझ’ नावाचा अल्बम बाजारात आला. त्यात १९६९च्या सुमारास ध्वनिमुद्रित झालेली दहा गाणी आहेत. मुखपृष्ठावर नाव आहे नील यंग आणि क्रेझी हॉर्स या त्याच्या बँडचं. यंग तेव्हा ७८ वर्षांचा होता आणि जुन्या टेप्स काढून प्रसिद्ध करण्याचं त्याचं काम कित्येक वर्षं चालू होतं. त्यामुळे अनेकांनी या अल्बमकडे एका म्हाताऱ्या कलावंतानं उघडलेल्या जुन्या पेटीतली आणखी एक वस्तू म्हणून पाहिलं. मला ते पटत नाही. गाणी बहुतेक यंगची आहेत, पुढचा आवाज बहुधा त्याचाच आहे, तरी कान पुन्हा पुन्हा जातो तो दुसऱ्या आवाजाकडे आणि दुसऱ्या गिटारीकडे, म्हणजे व्हिटनकडे. हा अल्बम व्हिटनचा आहे.

नील यंग हे नाव आपल्याकडे ज्यांना माहीत आहे त्यांना ते ‘हार्वेस्ट’मुळे माहीत असतं. १९७२ साली अमेरिकेत सर्वाधिक खपलेला हा अल्बम. त्यातलं ‘हार्ट ऑफ गोल्ड’ हे यंगच्या साऱ्या कारकिर्दीत अमेरिकेच्या यादीत पहिलं आलेलं एकमेव गाणं. माउथ ऑर्गन, साधी गिटार आणि कुठल्याही क्षणी फाटेल असा वाटणारा उंच, पातळ आवाज. पण यंगचं दुसरंही एक रूप आहे. करकरणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारीवर दहा-दहा मिनिटं एकच वळण घोटत राहणारा, सुरापेक्षा आवेगाला मोठं मानणारा यंग. त्या रूपाची सुरुवात क्रेझी हॉर्सपासून झाली आणि ‘अर्ली डेझ’ ही त्या सुरुवातीचीच नोंद आहे.

त्याआधीचा यंग सतत बँड जमवणारा आणि सोडणारा मुलगा होता. १२ नोव्हेंबर १९४५ला टोरांटोत जन्म, पाचव्या वर्षी पोलिओ, पुढे आईवडील वेगळे झाले आणि आईबरोबर विनिपेगला बस्तान. वडील स्कॉट यंग नावाजलेले पत्रकार आणि लेखक. विनिपेगमध्ये त्यानं ‘द स्क्वायर्स’ नावाचा बँड काढला. २३ जुलै १९६३ रोजी, सतरा वर्षांचा असताना, तिथल्या सीकेआरसी या रेडिओ केंद्रात त्यांनी दोन धून ध्वनिमुद्रित केल्या, ‘द सुलतान’ आणि ‘अरोरा’. त्यांत गाणं नाही, फक्त गिटारींचं वादन, तेही ब्रिटनच्या ‘शॅडोज’च्या वळणाचं. तबकडी काढली व्ही रेकॉर्ड्सनं. ही कंपनी ओळखली जाई ती कॅनडातल्या युक्रेनियन लोकांच्या संगीतासाठी.

पुढे टोरांटोत ‘द मायना बर्ड्स’. त्यात गायला होता पुढचा फंक-सम्राट रिक जेम्स. १९६६च्या सुरुवातीला मोटाउनसारख्या कंपनीनं त्यांना डेट्रॉइटला बोलावून ध्वनिमुद्रण सुरू केलं, आणि तेवढ्यात कळलं की जेम्स अमेरिकी नौदलातून पळून आलेला आहे. त्याला अटक झाली, टेप्स कुलुपात गेल्या, बँड संपला. यंग आणि बेसवादक ब्रूस पामर यांनी बँडची वाद्यं गहाण टाकून एक जुनी पॉन्टिॲक शववाहिका विकत घेतली आणि तिच्यातून लॉस एंजलिस गाठलं. तिथे सनसेट बुलेव्हार्डवरच्या वाहनांच्या गर्दीत जुन्या ओळखीच्या स्टीफन स्टिल्सनं ती ओळखली. कॅनडाच्या नंबरप्लेटची शववाहिका घेऊन फिरणारा माणूस दुसरा कोण असणार? त्या भेटीतून ‘बफेलो स्प्रिंगफील्ड’ हा बँड जन्मला आणि १९६८च्या मे महिन्यात मोडलाही.

मग पहिला एकट्याचा अल्बम. तो यंगनं थरावर थर चढवून, वाद्यावर वाद्य ओतून बनवला. त्यात भर म्हणजे, स्टिरिओ तबकडी मोनो यंत्रावरही नीट वाजावी म्हणून तेव्हा वापरली जाणारी एक नवी प्रक्रिया त्यावर केली गेली आणि तिच्यापायी त्याचा आवाज धुकट झाला. पुढे पुन्हा मिक्स करून अल्बम नव्यानं काढावा लागला. या अनुभवाचा धडा यंगनं जन्मभर धरून ठेवला. माणसं एका खोलीत एकत्र वाजवतात तेव्हा जे घडतं, ते नंतर जोडून मिळत नाही.

अशी माणसं त्याला आधीच भेटलेली होती. लॉस एंजलिसमध्ये ‘द रॉकेट्स’ नावाचा सहा जणांचा बँड होता. १९६८मध्ये व्हाइट व्हेल या छोट्या कंपनीकडून त्यांचा एक अल्बम निघाला आणि विसरलाही गेला. त्यातले तिघे, डॅनी व्हिटन, बिली टॅल्बट आणि राल्फ मोलिना, मुळात वादक नव्हतेच, गायक होते. ‘डॅनी अँड द मेमरीज’ या नावानं ते गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहून गातात तशी बहुआवाजी डू-वॉप गाणी गात. वाद्यं हातात आली ती नंतर. व्हिटननं गिटार घेतली, टॅल्बटनं बेस, मोलिना ड्रम्सवर बसला. याच तिघांचा पुढे क्रेझी हॉर्स झाला. त्या बँडच्या वादनाला अनेक टीकाकारांनी वर्षानुवर्षं बेंगरूळ म्हटलं आहे, आणि तंत्राच्या कसोटीवर ते खोटंही नाही. पण ही तीन माणसं आधी एकमेकांचा श्वास ऐकायला शिकली आणि मग वाद्यं शिकली. त्यांचा ठेका ढिला पडला तर तिघांचाही एकाच वेळी ढिला पडतो. लय ओढली तर तिघं मिळून ओढतात. ही गोष्ट उत्तम तालीम असलेल्या भाडोत्री वादकांकडून मिळत नाही.

यंगनं त्यांच्याबरोबर व्हिस्की अ गो गो या क्लबात वाजवलं, आणि मग त्या तिघांना स्वतःच्या ध्वनिमुद्रणासाठी बोलावलं. रॉकेट्समधला गिटारवादक जॉर्ज व्हिटसेल याची समजूत अशी होती की नील थोड्या दिवसांसाठी माणसं नेतोय आणि परत आणून देईल. ती परत आलीच नाहीत, आणि आपला बँड गेला हे व्हिटसेलला फार उशिरा उमगलं. यंगला याची टोचणी होती असं मानायला जागा आहे, कारण नव्या अल्बममधल्या ‘रनिंग ड्राय’ या गाण्याला त्यानं ‘रॉकेट्ससाठी शोकगीत’ असं उपशीर्षक दिलं आणि त्यात रॉकेट्सच्याच बॉबी नॉटकॉफचं व्हायोलिन घेतलं. शोकगीत अर्पण केल्यानं बँड परत मिळत नाही हेही खरंच.

तो अल्बम म्हणजे ‘एव्हरीबडी नोज धिस इज नोव्हेअर’. १९६९च्या जानेवारी ते मार्च या काळात हॉलिवूडमधल्या वॉली हायडर स्टुडिओत तो मुद्रित झाला आणि मे महिन्यात बाहेर आला. निर्माता डेव्हिड ब्रिग्ज. वाटेत लिफ्ट मागत उभ्या असलेल्या यंगला १९६८मध्ये त्यानं गाडीत घेतलं आणि तिथून ही मैत्री सुरू झाली. विचार करत बसलात की वाजवणं बिघडलंच म्हणून समजा, हा ब्रिग्जचा पक्का सिद्धान्त होता. या अल्बममधली तीन मोठी गाणी, ‘सिनॅमन गर्ल’, ‘डाउन बाय द रिव्हर’ आणि ‘काउगर्ल इन द सँड’, यंगनं एकाच दिवशी, सडकून ताप भरलेला असताना, अंथरुणात पडल्यापडल्या रचली होती. यातली शेवटची दोन नऊ-दहा मिनिटांची आहेत.

याच सुमारास त्याच्या हातात ‘ओल्ड ब्लॅक’ आली. १९५३ची गिब्सन लेस पॉल, मूळची सोनेरी, कुणीतरी काळी रंगवलेली, जिम मेसिनाशी अदलाबदल करून मिळालेली. पुढची पन्नासहून अधिक वर्षं यंगचा इलेक्ट्रिक आवाज म्हणजे ही गिटार. तिच्याबद्दल पुस्तकंच्या पुस्तकं भरतील एवढं लिहिलं गेलं आहे. मला इथे तिच्या समोरच्या गिटारीबद्दल लिहायचं आहे.

‘डाउन बाय द रिव्हर’ ऐकताना एक प्रयोग करावा. कानाला हेडफोन लावावेत. दोन गिटारी दोन बाजूंना ऐकू येतात. यंगची गिटार एकाच सुरावर ठोकत राहते, अडखळते, मधेच किंचाळते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष ती खेचून घेते. आता एका बाजूचा आवाज बंद करून फक्त दुसरी गिटार ऐकावी. व्हिटन तालाचे नुसते आघात देत नाही. यंगनं सोडलेल्या जागा तो हेरतो, तिथे एखादा तुटक, कोरडा तुकडा टाकतो, पुढच्या वळणावर तोच तुकडा जरा मागे खेचतो, आणि यंग भरात आला की चक्क गप्प होतो. चांगला तबलजी गवयाच्या तानेला वाट करून देतो, तशीच ही संगत आहे. त्या साध्या दोन स्वरसंघांच्या फेऱ्यावर यंग नऊ मिनिटं टिकतो, कारण त्याच्याशी कुणीतरी सतत बोलत असतं.

‘अर्ली डेझ’मध्ये या गाण्याचं वेगळ्या गायनाचं रूप आहे. ‘सिनॅमन गर्ल’ आहे ते एकेरी तबकडीसाठी केलेल्या मोनो मिक्सच्या रूपात, अल्बममध्ये न आलेल्या गिटारीच्या शेवटासकट. एकाच सुरावर वाजवलेल्या सोलोसाठी हे गाणं प्रसिद्ध आहे. पण संग्रहातली खरी संपत्ती ही दोन ओळखीची गाणी नाहीत. ज्या गाण्यांना पुढे भलतीच आयुष्यं मिळाली, ती गाणी इथे पहिल्या रूपात भेटतात, आणि माझ्या मते सगळी मौज तिथे आहे.

‘डान्स डान्स डान्स’ हे साधं, उड्या मारत जाणारं गाणं यंगनं स्वतःच्या अल्बममध्ये तेव्हा घेतलं नाही. क्रेझी हॉर्सनं ते १९७१च्या आपल्या अल्बममध्ये गायलं. त्याची चाल यंगनं पुन्हा वापरून ‘लव्ह इज अ रोज’ केलं, आणि लिंडा रॉनस्टाटनं ते १९७५मध्ये घरोघरी पोचवलं. ‘वंडरिन’’ची कथा याहून विचित्र आहे. इथे ते मंद, गावाकडच्या वळणाचं, सोबतच्या आवाजांवर उभं असलेलं प्रेमगीत आहे. १९८३ साली ‘एव्हरीबडीज रॉकिन’’ या अल्बमात यंगनं तेच गाणं पन्नाशीच्या दशकातल्या रॉकॅबिलीच्या थाटात गायलं. ‘विंटरलाँग’ १९७७च्या ‘डेकेड’ या निवडक संग्रहात आलं, तेही नंतरच्या ध्वनिमुद्रणातून. ‘बर्ड्स’ला लोक ओळखतात ते ‘आफ्टर द गोल्ड रश’मधल्या पियानोवरच्या एकाकी गाण्याच्या रूपात. इथे त्याच्यामागे सगळा बँड आहे.

आणि ‘हेल्पलेस’. हे गाणं म्हटलं की ‘देजा व्हू’ हा १९७०चा अल्बम आणि क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग हे चौघे आठवतात. यंगनं आधी ते क्रेझी हॉर्सबरोबर केलं होतं. असं सांगितलं जातं की त्यांनी ते एकदा मनासारखं वाजवलं तेव्हा नेमकी टेपच चालू नव्हती, आणि यंगनं तो संकेत मानून गाणं दुसऱ्या बँडकडे नेलं. ‘अर्ली डेझ’मधलं क्रेझी हॉर्सचं ‘हेल्पलेस’ ऐकल्यावर ‘देजा व्हू’मधलं गाणं मला फार सजवलेलं वाटू लागलं. तिथले नॅश आणि क्रॉस्बी यांचे आवाज निर्दोष आहेत, इतके निर्दोष की गाण्यातली असहायता त्यांना शिवत नाही. व्हिटन आणि मोलिना गातात तेव्हा ते यंगच्या मागे उभे नसतात, शेजारी असतात. हे माझं मत आहे, आणि ‘देजा व्हू’वर वाढलेल्या मित्रांशी या मुद्द्यावर माझं भांडण चालू आहे.

१९६९चं ते वर्ष यंगसाठी दोन घरांत राहण्याचं होतं. ऑगस्टमध्ये तो स्टिल्सच्या नव्या बँडबरोबर वुडस्टॉकला गेला. तिकडे प्रचंड गर्दी, पैसा आणि चार मोठे अहंकार होते. इकडे क्रेझी हॉर्स छोट्या क्लबांत वाजवत होता. १९७०च्या सुरुवातीला जॅक नित्शे पियानोवर आला. फिल स्पेक्टरच्या ध्वनिमुद्रणांसाठी वाद्यमेळ रचणारा हा माणूस, आणि तो या बेंगरूळ मंडळींत बसला. ६ आणि ७ मार्च १९७० रोजी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये त्यांचे कार्यक्रम झाले. त्याच मंचावर, त्यांच्याआधी, माइल्स डेव्हिसचा बँड होता. ते ध्वनिमुद्रण २००६मध्ये ‘लाइव्ह ॲट द फिलमोर ईस्ट’ या नावानं निघालं. व्हिटनला पूर्ण भरात ऐकायचं तर तिथे ऐकावं.

तोवर हेरॉइन त्याच्या आयुष्यात शिरलेलं होतं. ‘कम ऑन बेबी लेट्स गो डाउनटाउन’ हे त्यानं आणि यंगनं मिळून लिहिलेलं, त्यानं पुढे होऊन गायलेलं गाणं ‘अर्ली डेझ’मध्ये दुसरंच आहे. चाल अशी आनंदी की पाय थिरकतात. विषय, शहरात जाऊन नशेचा माल मिळवणं. तेव्हा ते खोडकर वाटलं असेल. पुढचं माहीत असलेल्याला आज ते तसं ऐकता येत नाही.

१९७१चा ‘क्रेझी हॉर्स’ हा अल्बम यंगशिवाय निघाला. नित्शे आणि तरुण नील्स लॉफग्रेन सोबत होते. त्यात व्हिटनची पाच गाणी आहेत. त्याच वर्षाच्या जानेवारीत यंग ‘द नीडल अँड द डॅमेज डन’ मंचावर गात होता, व्हिटन जिवंत असताना, व्हिटनच्या व्यसनाबद्दल. नंतर क्रेझी हॉर्सनंच व्हिटनला बँडमधून काढलं.

१९७२च्या अखेरीला ‘हार्वेस्ट’च्या यशावर मोठा दौरा ठरला. यंगनं व्हिटनला तालमीसाठी आपल्या कॅलिफोर्नियातल्या शेतावर बोलावलं. त्याला गाणी लक्षात राहीनात, बोटं चालेनात. १८ नोव्हेंबरला यंगनं त्याच्या हातात विमानाचं तिकीट आणि ५० डॉलर ठेवून त्याला लॉस एंजलिसला परत पाठवलं. त्याच रात्री फोन आला. व्हॅलियम आणि दारू यांचं मिश्रण जीवघेणं ठरलं होतं. व्हॅलियम गुडघ्यांच्या तीव्र संधिवातासाठी होतं, दारू हेरॉइन सुटावं म्हणून. स्वतःला जबाबदार धरण्याचं ओझं यंग पुढे अनेक वर्षं बोलून दाखवत राहिला. १९७३मध्ये मुद्रित झालेला आणि १९७५मध्ये निघालेला ‘टुनाइट्स द नाइट’ हा अल्बम त्या ओझ्यातून आला. व्हिटन आणि त्यानंतर काही महिन्यांनी गेलेला त्यांचा सहायक ब्रूस बेरी, या दोघांसाठीचा तो जागर आहे. त्या अल्बममध्ये मधेच फिलमोरच्या टेपवरचं ‘डाउनटाउन’ येतं आणि मेलेला माणूस हसत गाऊ लागतो. दस्तऐवज कसा वापरावा हे यंगला तेव्हाच कळलेलं होतं.

आपल्या साऱ्या टेप्स क्रमवार जगापुढे ठेवण्याचा बेत त्यानं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून बोलून दाखवला. पहिला खंड निघाला थेट जून २००९मध्ये. १९६३ ते १९७२ हा त्याचा काळ, आणि त्यातच स्क्वायर्सची ती पहिली तबकडी पुन्हा मिळाली. दुसरा खंड २०२०मध्ये, तिसरा सप्टेंबर २०२४मध्ये. मधल्या काळात त्यानं स्वतःच झाकून ठेवलेले अल्बमही सोडले. १९७४-७५चा ‘होमग्रोन’ २०२०मध्ये आला, १९७६चा ‘हिचहायकर’ २०१७मध्ये. या थाटामाटात एक खोट आहे, ती सांगितली पाहिजे. कोणती टेप कधी बाहेर काढायची हे ठरवणारा माणूस आणि टेपवरचा नायक एकच आहे. स्वतःचा इतिहास स्वतः लिहिणारा माणूस सोबत्यांच्या जागा आपसूक लहान करतो. मोठमोठ्या कलावंतांच्या संग्रहांत हे झालेलं दिसतं आणि यंगचे पहिले खंडही त्यापासून मुक्त नाहीत. पहिल्या खंडात व्हिटन आहे, पण इकडेतिकडे विखुरलेला.

‘अर्ली डेझ’ दहाच गाण्यांचा आहे. त्यातलं काही याआधी वेगळ्या मिक्समध्ये येऊन गेलेलं आहे, आणि संग्राहकांनी त्याबद्दल कुरकुर केली. ती रास्त आहे. पण छोट्या आकारामुळेच पहिल्यांदा या बँडला स्वतःचा चेहरा मिळाला. एका गायकाच्या साठ वर्षांच्या प्रवासातला टप्पा म्हणून नव्हे, एका खोलीत जमलेली चार-पाच माणसं म्हणून ते ऐकू येतात. सातवं गाणं ‘लुक ॲट ऑल द थिंग्ज’ यंगचं नाहीच, ते व्हिटनचं आहे. यंगनं आपल्या नावाच्या अल्बमात ते ठेवलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुखपृष्ठावर व्हिटनचं नाव वेगळं घालायला हवं होतं, असंही वाटतं.

व्हिटनच्या जागी १९७५पासून फ्रँक सॅम्पेड्रो आला आणि कित्येक दशकं राहिला. त्याच्या जाडजूड, सलग वादनावर नंतरचा क्रेझी हॉर्स उभा आहे. तो बँड अधिक प्रचंड आहे, मंचावर भिंतीसारखा. व्हिटनबरोबरचा क्रेझी हॉर्स हलका होता, नाचरा होता, आणि मुख्य म्हणजे गाणारा होता. तीन आवाजांची ती जुनी डू-वॉपची सवय त्याच्यात जिवंत होती. हे दोन वेगळे बँड आहेत आणि नाव एकच असल्यानं लोक त्यांना एक समजतात. ‘अर्ली डेझ’नंतर तो घोटाळा राहू नये.

२०२४च्या एप्रिलमध्ये यंग, टॅल्बट आणि मोलिना पुन्हा दौऱ्यावर निघाले होते. टॅल्बट आणि मोलिना दोघेही ऐंशीच्या आसपास. दुसरी गिटार मायका नेल्सनच्या हातात होती, विली नेल्सनच्या मुलाच्या. ‘सिनॅमन गर्ल’ आणि ‘डाउन बाय द रिव्हर’ रोजच्या कार्यक्रमात होती. बँडमधल्या आजारपणामुळे जूनमध्ये उरलेला दौरा रद्द करावा लागला, आणि त्याच दिवसांत १९६९च्या टेप्स दुकानांत पोचल्या.

ज्यांना हे सगळं नवं आहे त्यांनी सुरुवात ‘अर्ली डेझ’पासून करू नये असं मी सुचवेन. आधी ‘एव्हरीबडी नोज धिस इज नोव्हेअर’ ऐकावा, मग १९७१चा ‘क्रेझी हॉर्स’. या दुसऱ्या अल्बमची सगळी गाणी, उरलेल्या टेप्ससह, २००५च्या ‘स्क्रॅची’ या संग्रहातही आहेत. त्यातलं ‘आय डोन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट इट’ व्हिटनच्या स्वतःच्या आवाजात ऐकावं. मग फिलमोर ईस्ट. ‘अर्ली डेझ’ त्यानंतर लावला तर सातवं गाणं कोण गातोय हे कुणाला विचारावं लागणार नाही.